डोळ्यातलं हाड

लाईन आळी, पनवेल
१० फेब्रुवारी २०२५

निशा,

आशीर्वाद लिहीत नाही. तू घेणार नाहीस, आणि परत आलेले आशीर्वाद ठेवायला माझ्या दोन खोल्यांत जागा नाही.

हाताने पत्र लिहायचं कारण साधं आहे. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, व्हॉट्सॲपवर केलंयस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय सरकारने अजून काढलेली नाही. निघेपर्यंत लिहीन म्हणते.

प्रितेशच्या लग्नातून तू न जेवता गेलीस, हे मला हात धुताना कळलं. कुमारदादा तसाच माझ्या अंगावर आला. स्वतःच्या मुलाचं लग्न, डोक्याला फेटा, आणि तोंडाने शिव्या.

"किशोरी, लाज नाही वाटत तुला? सख्खी बहीण बडोद्याहून आली. तुझ्यासमोर उभी राहिली, हसली, हात वर केला. आणि तू तिच्या अंगावरून नजर फिरवून सरळ आइस्क्रीमकडे चालती झालीस!"

"दादा, मला नाही दिसली ती."

"चार हातांवर होती!"

"एवढे लाइट लावलेत हॉलमध्ये, कोण कोण दिसणार?"

"लाइट असले की माणूस दिसतं गं! अंधारात नाही दिसत!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तर सुचलं नाही म्हणजे मी नक्की गुन्हेगार, असं दादाने धरून चाललेलं दिसतं.

त्याने बिचाऱ्याने आपल्या दोघींना एका टेबलावर बसवायचा बेत केला होता. कोन गावच्या त्या हॉलमध्ये भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि दादा कॅटररच्या कानात आपल्या दोघींच्या खुर्च्या सांगत होता. तू रुसायचीच असलीस तर त्या दिवाळी अंकातल्या लेखावरून रूस. सासूच्या शोकसभेत तासभर स्वतःबद्दल बोलणाऱ्या जावयाचा लेख. त्यात मी कुणाचं नाव दिलं नव्हतं. तुझ्या शैलेशरावांनी स्वतःच स्वतःला ओळखलं. तो रुसवा मला मान्य आहे. पण मी न केलेल्या अपमानावर रुसू नकोस.

मी तुला पाहिलं नाही. एवढंच.

किशोरी


३ मार्च

निशा,

दादाच्या फोनवर तू म्हणालीस म्हणे, "चार हातांवरचं माणूस दिसायला नको? ताई काय आंधळी आहे?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर देते.

माझ्या डाव्या डोळ्यात हाड आहे.

हस. मीही आधी हसले होते.

माझं काम तुला माहीत आहे. विमानतळ यायचा म्हटल्यावर गावोगावच्या लोकांनी पत्र्याच्या पेट्या उघडल्या, आज्या-पणज्यांचे मोडीतले कागद बाहेर काढले आणि ते वाचून घ्यायला माझ्या जिन्यात रांग लागली. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर सरळ रेघा मारून घेतो आणि मग त्या रेघांना अक्षरं टांगत जातो. दोनेक वर्षांपूर्वी मला त्या रेघा मध्येच झोकलेल्या दिसायला लागल्या. वाळत घातलेल्या ओल्या चादरीने दोरी झोकते तशा. मी काय केलं असेल? कारकुनाला शिव्या दिल्या. गव्हाणच्या एका कागदाखाली तर शेरासुद्धा मारला, "लिहिणाऱ्याचा हात स्थिर नाही." माणूस मरून शतक उलटलेलं, हात बिचाऱ्याचा उत्तम होता. मग दुसऱ्या कागदात तसंच, तिसऱ्यात तसंच. साऱ्या कुलाबा जिल्ह्यातले कारकून पानाच्या एकाच जागी कसे थरथरले, याचं मला नवल वाटलं. स्वतःच्या डोळ्यावर संशय घ्यायचं मात्र सुचलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढलेल्या बाईला ते सुचत नाही.

शेवटी बाथरूमच्या फरशा झोकल्या. त्या काही पेशवाईतल्या नव्हत्या.

डोळ्यांची डॉक्टर ऋचा म्हणून आहे, वय माझ्या चपलांएवढं. तिने थेंब घातले, आत वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग सीटी स्कॅन करून आणायला सांगितला.

"काकू, पडद्याच्या मागे कॅल्शियम साचलंय. साचून साचून त्याचं हाड झालंय. फार क्वचित होतं हे."

"हाड म्हणजे? खरोखरचं?"

"खरोखरचं. हे बघा, तुमची कवटी जितकी पांढरी दिसतेय तितकंच हे."

"माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या पनवेलला ठाऊक आहे. ते इकडे राहायला आलं होतं, हे आज कळलं."

ती हसली नाही. चांगली डॉक्टर असणार.

कशामुळे झालं ते कुणाला माहीत नाही. रक्तातलं कॅल्शियम अगदी बरोबर आहे. काढता येत नाही, विरघळत नाही. समोरच्या घरातल्या मालूला मी मुतखड्याबद्दल बोलतेय असं वाटलं, ती आठवडाभर कुळथाचं कढण आणून देत होती. मी प्यायले. तुला म्हणून सांगते, अशा वेळी माणूस काहीही पितो.

आणि दिसतं कसं, तर मधलं जातं, कडेचं राहतं. घड्याळ दिसतं, काटे दिसत नाहीत. माणूस दिसतो, त्याच्या चेहऱ्याच्या जागी ओल्या फडक्याने पुसलेली पाटी असते. लग्नात तुझा चेहरा त्या पुसलेल्या जागी आला असणार.

उजवा डोळा उत्तम आहे. काळजी नसावी.

किशोरी


२९ मार्च

निशा,

तुझा निरोप पोचला. दादाने तुझ्या आवाजासकट पोचवला, नक्कल त्यालाही येते. "डोळ्यात हाड! यंदाच्या दिवाळी अंकाची सोय झाली ताईची. आणि उजवा डोळा उत्तम आहे म्हणे, मग त्या उत्तम डोळ्याने मी का नाही दिसले?"

बिनचूक. तू वकील व्हायला हवी होतीस.

उजवा उत्तम नाही. त्यातही हाड आहे. आधी एका कडेला होतं, गेल्या पावसाळ्यापासून मध्याकडे सरकलं. लग्नात मला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. नवरा-नवरीलाही मी हारांवरून ओळखून आशीर्वाद दिले.

हे मी तुला लिहिलं नाही आणि इथेही कुणाला सांगितलं नाही. मोडी वाचणाऱ्या बाईचे डोळे गेले, ही बातमी तळ्याला एक फेरी मारेपर्यंत कोर्टात पोचते. मग मी चांगल्या डोळ्यांनी वाचून दिलेल्या कागदांवरही समोरचा वकील बोट ठेवणार. त्या लोकांच्या जमिनी त्यावर उभ्या आहेत. दुसरं कारण इतकं थोर नाही. मी लोकांना हसत आले. लोकांनी माझी कीव केलेली मला सोसणार नाही.

तर लग्नातलं खरं ऐक. मला एक मोरपंखी साडी दिसली. साडीतून एक हात वर गेलेला दिसला. वर चेहरा नाही. मला वाटलं, कुणी बाई पाणी वाटणाऱ्याला हाक मारतेय आणि मी मध्ये आलेय. म्हणून मी तिच्या वाटेतून बाजूला झाले.

इतकं सोपं आहे. आणि हे तू खरं मानणार नाहीस, कारण ते मी सांगतेय. आई म्हणायची, "घरात कुणी गेलं तरी किशोरी पिंडाला कावळा शिवायच्या आत त्याचा किस्सा करते." मी खरोखर रडले तरी तुम्ही सगळे शेवटच्या वाक्यावर हसायला तयार होऊन बसता. ती सवय मीच लावली. आता डोळ्यात हाड, हे वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी गाडीत बसली असतीस.

परवा गव्हाणहून ठमाबाई आली होती, तिच्या दादूला घेऊन. सासऱ्याच्या नावचा कागद. आता मला समोरच्याला बघायचं तर त्याच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघावं लागतं, मग तो कडेने थोडा दिसतो. ठमाबाई थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "बाय, आमी इकडं हाव. तुमी कोनाशी बोलता?"

दादू तिच्यावर खेकसला, "आये, गप. शिकलेली मानसं अशीच बोलतात."

"माज्याकडं बगत नाय ती! माजा कागद काय बगंल?"

मी कागद परत दिला. म्हटलं, अक्षर फार खराब आहे, मला लागत नाही. म्हणजे पुन्हा त्या मेलेल्या कारकुनावरच ढकललं. त्या दोघांना द्रोणागिरीच्या सत्यजीतकडे पाठवलं. माझ्याच हाताखाली शिकला, बरा वाचतो. ती गेल्यावर दारावरची पाटी काढली. पाटीवर काय लिहिलंय ते मला पाठ होतं म्हणून बरं, नाहीतर शेजाऱ्यांची काढली असती.

तू ये. भांडायला ये. समोर बसून भांड, म्हणजे मी तुला कडेकडेने बघून घेईन.

किशोरी


२२ एप्रिल

निशा,

अक्षर मोठं आहे म्हणून मी ओरडतेय असं समजू नकोस. जाड काळं मार्कर आहे, दुकानदार खोक्यांवर पत्ते घालतात ते. बारीक पेनचं लिहिलेलं मला दिसत नाही.

उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. हाडाच्या कडेने नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, त्यातली एक गळली. सकाळी उठले तर मधली पाटी राखाडी होती ती काळपट लाल झालेली. सगळीकडे बघून पाहिलं. मी जिथे बघेन तिथे ती माझ्या आधी जाऊन बसते.

इंजेक्शन डोळ्यातच देतात. भूल देतात, दुखत नाही. पण सुई येते ती कडेने दिसते. कडेचं सगळं दिसतं ना मला. डॉक्टर ऋचा म्हणाली, "काकू, वर बघा, छताकडे." मी म्हटलं, "छताकडे बघितलं की तूच नीट दिसतेस." त्यावर तिने सुई बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सोबत कुणी आलंय का?"

मालू आली होती. मालू माझी कुणी नाही.

डॉक्टरकडचा रिपोर्ट झेरॉक्स करून पाकिटात घातला होता, पुन्हा बाहेर काढला. बहीण आंधळी होतेय हे बहिणीला शिक्का बघून पटायचं असेल तर न पटलेलं बरं. हा ताठा आहे. मला आहे, तुलाही आहे. आपल्या घरात ताटाखाली पाट नसले तरी पाठीत ताठा असायचाच.

मी दुपारभर गॅलरीत बसते. खाली रिक्षा, पाणीपुरीवाला, कुणाची तरी वरात. सगळ्याच्या मधोमध भोक. पूर्वी मी इथे बसून लोकांवर लेख रचायची. आता एकही माणूस पुरा दिसत नाही, तर टिंगल तरी कुणाची करायची? दिवस सरत नाही. मला मरायचं नाही, पण सकाळी डोळे उघडायचा कंटाळा येतो. हे वाक्य गमतीचं नाही. खाली रेघ मारली आहे बघ.

इंजेक्शनं अजून देणार आहेत. कडेचं जे दिसतं तेही आता आक्रसतंय. निशा, ये. खोटं असलं तर तोंडावर थुंकून परत जा. पण आत्ता ये.

किशोरी


६ जून

निशा,

अभिनंदन कर. मी पास झाले.

तू परीक्षा घ्यायला आलीस हे मला तू गेल्यावर कळलं. आता सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे बडोद्याला बसून तुला आपण काय पाहिलं ते दुसऱ्या बाजूनेही कळेल.

मे महिन्यात एका भर दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं. बाहेर कुणीतरी बाई. फिकट पिवळा ड्रेस, खांद्याला पिशवी. वर पाटी. मला वाटलं, कागद घेऊन आली कुणी.

मी म्हटलं, "मोडीचं काम बंद केलंय हो. द्रोणागिरीला सत्यजीत म्हणून आहेत, त्यांना दाखवा."

तू गप्प.

"कोण हवंय आपल्याला?"

गप्प.

मला वाटलं, बाईला ऐकू येत नसेल. म्हणून मी हाताने खूण केली, नाही, नाही, काम नाही. निशा, मी तुला मुक्या माणसाला करतात तशी खूण केली. तरी तू उभी. मग माझी नेहमीची जीभ सुटली. "बाई, वर्गणी असेल तर गणपतीत या. धर्मप्रचार असेल तर धर्म मला पोचलाय. डास आत येतात, दार लावते."

आणि लावलं. कडीसुद्धा.

संध्याकाळी मालू दूध घेऊन आली. म्हणाली, "किशोरीताई, तुमच्या भगिनी ना हो त्या? नाक अगदी तुमचं. जिन्यात बसून रडत होत्या, मी पाणी दिलं. म्हटलं, ताई आहेत की घरात, बेल वाजवा. तर म्हणाल्या, 'आहे. बघितलं मी.'"

मालूच्या हातातलं पातेलं मी घेतलं आणि ते टेबलावर ठेवायचं तर टेबल चुकलं.

तू काय विचार करून आली असशील ते मला कळतं. ताई नाटक करत असेल तर गप्प उभं राहिलं की फसेल; चेहऱ्यावर काहीतरी हलेल, "निशे" म्हणून जाईल. युक्ती चांगली होती. आपल्या घरातली आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, वर चार जणांना सांगितलंही असतं. म्हणून परीक्षेचा राग मी फार दिवस धरू शकले नाही. दादा म्हणतो, तू कुणाशी बोलत नाहीस, सारखी रडतेस. मी विचारलं, "कुणावर?" तो म्हणाला, "तुम्ही दोघी मला एकदाचं मारून टाका."

राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या दुपारी मला अजून थोडं दिसत होतं. तू एक शब्द बोलली असतीस ना, नुसतं "ताई", तर मी तुला तिथेच धरलं असतं. मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तशी, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून तुला बघितलं असतं. आधी कपाळ, मग एक गाल, मग दुसरा. चष्मा लागलाय का, केस रंगवतेस का. तुकडे तुकडे करून सगळी बघून घेतली असती. अर्धा तास लागला असता. तू हसली असतीस, "ताई, कोंबडी दिसतेस."

ते दिसणं आता राहिलं नाही. मे महिन्याच्या शेवटी पुन्हा रक्त उतरलं, आधीपेक्षा जास्त. काल डॉक्टर ऋचाने इंजेक्शनं थांबवली. तिने सांगितलं ते असं, "काकू, आता देऊन तुम्हाला फक्त त्रास होईल." मी विचारलं, "म्हणजे आता काय दिसतंय तेच?" ती म्हणाली, "उजेड कळत राहील. दार-खिडकी कळेल. माणूस आलाय हे कळेल." कोण आलाय ते कळेल, असं नाही म्हणाली. मी विचारलंही नाही.

माझ्याकडे तुझा शेवटचा चेहरा आहे तो आईच्या तेराव्याचा. रडून सुजलेला, नाक लाल, माझ्यावर चिडलेला. त्यानंतरची तू मी पाहिलेलीच नाही. यापुढे माझ्या मनात तू त्याच वयाची आणि त्याच सुजलेल्या तोंडाची राहणार. मी म्हातारी होईन, तू होणार नाहीस. बायका याच्यासाठी पार्लरमध्ये पैसे मोजतात.

हे शेवटचं मी गंमत म्हणून लिहिलं आणि लिहून झाल्यावर मार्कर खाली ठेवला, पुन्हा उचलला. कागदाची कड बोटाने चाचपत अंदाजाने लिहितेय, ओळीवर ओळ चढली असेल इथे, लावून घे.

तुला क्षमा केली असं लिहायला बसले होते. लिहीत नाही. तुला ती नको असेल, आणि मला अजून जमलेली नाही. तूही मला करू नकोस. त्यावाचून येता येतं. दादा सांगतो, तू परत यायला घाबरतेस. ताईच्या समोर पुन्हा तशी उभी राहू शकणार नाही, म्हणतेस.

मग उभी राहूच नकोस तशी. बेलला हात लावू नकोस. खालच्या जिन्यातूनच बोलायला लाग. काहीही बोल, गाडीला उशीर झाला, रिक्षावाल्याने फसवलं, पनवेल किती घाण झालंय. शिव्या दे. मी दार उघडून उंबऱ्यात येईन. तू वर पोचलीस म्हणून थांबू नकोस. मी हात पुढे करून तुझ्यापर्यंत येईपर्यंत बोलत राहा.

ताई